पुएर्तो विल्यम्स: उशुआयाकडून शिरावे की पुंता अरेनासकडून?

वाटसरू (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

चिलीच्या नावारिनो बेटावरचे पुएर्तो विल्यम्स गाठायचे आहे. बीगल चॅनेलच्या दक्षिण काठावरचे, दोनेक हजार वस्तीचे गाव. माणसे दोन, पासपोर्ट भारतीय, मुंबई ते मुंबई २४ दिवस, महिना फेब्रुवारी. जमल्यास चिलीतले तोरेस देल पाइने राष्ट्रीय उद्यान आणि अर्जेंटिनातल्या एल कालाफातेची पेरितो मोरेनो हिमनदी. नावारिनोवरच्याच दिएंतेस डोंगरांचा ट्रेक करायचा की नाही हे अजून ठरलेले नाही.

कच्चे आराखडे दोन:

अ) मुंबई, बुएनोस आइरेस, विमानाने उशुआया (अर्जेंटिना), छोट्या बोटीने विल्यम्स, मोठ्या फेरीने पुंता अरेनास (चिली), पुएर्तो नातालेस, कालाफाते, बुएनोस आइरेस, मुंबई.

ब) मुंबई, सांतियागो, पुंता अरेनास, छोट्या विमानाने विल्यम्स, बोटीने उशुआया, बुएनोस आइरेस, मुंबई.

बुएनोस आइरेसहून उशुआयापर्यंत बसने जावे असाही एक किडा डोक्यात आहे. कुठला मार्ग घ्यावा, सगळ्यात आधी काय बुक करावे आणि मोकळे दिवस कुठे ठेवावेत?

---

पुणेरी_पाटी

बसने? ३००० किलोमीटर? आधी पुणे-नागपूर सलग तीनदा करून बघा, मग विचारा.

---

नकाशेवाला

आधी भूगोल डोक्यात पक्का करा, म्हणजे निम्मे प्रश्न आपोआप मिटतील.

चिलीचा मुख्य रस्ता दक्षिणेपर्यंत सलग नाही. कारेतेरा आउस्त्राल पुएर्तो मोंतहून सुरू होतो आणि सुमारे १२४० किलोमीटरवर व्हिया ओ'हिगिन्सला संपतो. पुढे दक्षिण पाटागोनियाचे हिमक्षेत्र आडवे पडले आहे. त्यामुळे चिलीच्या चिलीतच गाडीने पुंता अरेनासला जाता येत नाही. अर्जेंटिनातून वळसा घ्यावा लागतो, नाहीतर पाण्यातून जावे लागते.

अर्जेंटिनाच्या बाजूचे दुखणे उलटे. राष्ट्रीय मार्ग ३ बुएनोस आइरेसहून उशुआयापर्यंत जातो खरा, पण तिएरा देल फुएगो हे बेट आहे आणि त्याच्या उत्तर टोकाला मॅगेलन सामुद्रधुनीचे दोन्ही काठ चिलीचे आहेत. म्हणून रिओ गायेगोस ते उशुआया या अर्जेंटिनाच्याच दोन गावांमधल्या बसला चिलीत शिरून, फेरीने सामुद्रधुनी ओलांडून, पुन्हा अर्जेंटिनात यावे लागते.

आपल्या लोकांची फसगत होते ती इथेच. 'मी तर अर्जेंटिनातच फिरतोय' म्हणून चिलीचा व्हिसा न काढता बसचे तिकीट घ्याल, तर सीमेवरून परत फिराल. चिलीच्या हद्दीत चार तास असा नाहीतर चार दिवस, शिक्का लागतोच. शिवाय अर्जेंटिनाचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर पलीकडे पुन्हा शिरताना तो संपलेला असतो.

---

शाई_आणि_शिक्का

नकाशेवाला यांच्या शेवटच्या परिच्छेदाला +१. व्हिसाचे जरा सविस्तर लिहितो.

आराखडा अ मध्ये अर्जेंटिनात दोनदा प्रवेश आहे (बुएनोस आइरेस आणि नंतर कालाफाते), चिलीत एकदा. म्हणजे अर्जेंटिनाचा व्हिसा बहुप्रवेशीच हवा. अर्जात प्रवासाचा तक्ता जोडताना दोन्ही प्रवेशांच्या तारखा स्पष्ट लिहा, नाहीतर ते एक प्रवेश देऊन मोकळे होतात. अर्जेंटिनाचा वाणिज्य दूतावास मुंबईत आहे. चिलीचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो.

अमेरिकेचा वैध पर्यटक व्हिसा असेल तर ऑगस्ट २०२५ पासून अर्जेंटिनाने भारतीयांना पर्यटनासाठी वेगळा व्हिसा माफ केला आहे. असे नियम एका राजपत्राने येतात आणि दुसऱ्याने जातात, तेव्हा तिकीट काढायच्या दिवशी दूतावासाचे पान पुन्हा उघडून बघा. ही सवलत अर्जेंटिनाची आहे. ती चिलीला लागू होते असे समजू नका.

तिसरी बाब वाटेतल्या देशांची. साओ पाउलोमार्गे एकाच तिकिटावर जात असाल आणि विमानतळाच्या आतल्या आतच विमान बदलत असाल तर ब्राझीलचा व्हिसा लागत नाही. दोन वेगळी तिकिटे घेतलीत आणि बॅग स्वतः उचलून पुन्हा द्यायची वेळ आली, की तुम्ही ब्राझीलमध्ये प्रवेश करता. मग व्हिसा लागतो. युरोपमार्गे जाताना काही देश भारतीयांकडून नुसत्या विमानतळ-थांब्यासाठीही व्हिसा मागतात. अमेरिकेतून जायचे तर व्हिसा असलाच पाहिजे.

---

मीनाताई

पीतज्वराची लस कुणीच कशी लिहिली नाही? ज्या देशांतून आल्यावर भारत पीतज्वराचे प्रमाणपत्र मागतो त्या यादीत ब्राझील आणि अर्जेंटिना दोन्ही आहेत. तिकडे कुणी विचारो न विचारो, परत आल्यावर मुंबई विमानतळावर विचारतात. पिवळे कार्ड नसेल तर विलगीकरण, सहा दिवसांपर्यंत. लस फक्त सरकारमान्य केंद्रातच घ्यायची. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात आणि आता ते आयुष्यभर चालते. केंद्रावर ठरावीक वारीच लस देतात, म्हणून महिनाभर आधी हालचाल करा. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

---

वाटसरू

ताई, लसीचे खरोखरच डोक्यात नव्हते. आभार.

शाई_आणि_शिक्का, अमेरिकेचा व्हिसा एकाकडे आहे, एकाकडे नाही.

---

पुणेरी_पाटी

मग एकाने पुढे जाऊन फोटो पाठवावेत.

---

खारा_वारा

बसच्या किड्याचा आधी निकाल लावू. बुएनोस आइरेसच्या रेतिरो बस स्थानकावरून रिओ गायेगोस सुमारे २६०० किलोमीटर, बसला दीड दिवस. तिथून उशुआया १२ तास. म्हणजे एका बाजूलाच दोन-अडीच दिवस, आणि खिडकीतून बहुतेक काळ सपाट, तपकिरी, तारांचे कुंपण घातलेले माळरान. विमान साडेतीन तासांत नेते. २४ दिवसांत बस बसत नाही. तीन महिने हाताशी असतील तर गोष्ट वेगळी.

आता खरा मुद्दा. विल्यम्सला जायच्या वाटा तीनच.

एक, पुंता अरेनासहून छोटे विमान. सव्वा तासाच्या आसपास. उन्हाळ्यात जवळजवळ रोज असते, पण वेळापत्रकात रविवार धरू नका. सामानाची मर्यादा कडक, लहान विमानात सुमारे १० किलो. जास्तीचे वजन जागा असेल तरच जाते, नाहीतर पुढच्या विमानाने.

दोन, पुंता अरेनासच्या त्रेस पुएंतेस धक्क्यावरून मोठी फेरी, 'याघान' नावाची. ३० ते ३२ तास. आठवड्यातून एक-दोनदाच. बेडरूम-बिडरूम काही नाही, तिकडच्या बसमध्ये असतात तशा 'सेमी-कामा' (अर्धवट मागे झुकणाऱ्या) आणि 'कामा' (जवळजवळ आडव्या होणाऱ्या) खुर्च्या. जेवण तिकिटात असते. ही मुळात बेटाला माल पोचवणारी बोट. सिमेंट, गॅस, गाड्या, भाजीपाला आणि जोडीला माणसे. पर्यटन बोट समजून गेलात तर तोंड वाकडे होईल.

तीन, उशुआयाहून छोटी बोट. चॅनेल ओलांडायला पाऊण तास, उतरायचे पुएर्तो नावारिनोला, आणि तिथून व्हॅनने ५४ किलोमीटर विल्यम्स. व्हॅन तिकिटातच धरलेली असते. फक्त हंगामात चालते आणि अंतराच्या मानाने भयंकर महाग आहे, माणशी शंभर डॉलरच्या वरच धरा. वारा वाढला की आरमाराचे लोक बंदर बंद करतात आणि मग कितीही पैसे दिले तरी कुणी बोट सोडत नाही.

---

हिमनग

खारा_वारा यांनी फेरीचे नीट लिहिले आहे, पण ती का घ्यावी ते राहिले. बीगल चॅनेलच्या वायव्य फाट्यात दार्विन पर्वतरांगेवरून हिमनद्या थेट पाण्याकडे उतरतात: रोमांश, अलेमानिया, फ्रान्सिया, इतालिया, ओलांदा. फेरी त्यांच्या समोरून जाते. रांग चॅनेलच्या उत्तरेला आहे. म्हणजे पुंता अरेनासहून विल्यम्सकडे जाताना हिमनद्या डाव्या हाताला, उलट येताना उजव्या. खुर्चीचा नंबर निवडता आला तर त्या बाजूचा घ्या, पण खरे बघणे वरच्या डेकवरूनच. हातमोजे आणि कानटोपी विसरू नका.

त्याआधी कॉकबर्न चॅनेल आणि ब्रेकनॉकच्या भागात पॅसिफिकची लाट थेट आत येते. तेवढे दोन-तीन तास बोट हलते. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी हलायला लागल्यावर नव्हे, तासभर आधी घ्यावी.

---

दोन_देश_एक_बॅग

मी ब च्या बाजूने मत देतो. सांतियागो-पुंता अरेनास साडेतीन तास (दक्षिणेकडे जाताना डावी खिडकी घ्या, आंदीज तिकडे दिसतो). तिथून विमानाने विल्यम्स, बोटीने उशुआया, विमानाने बुएनोस आइरेस. एकही रस्ता दुहेरी होत नाही, अर्जेंटिनाचा एकच प्रवेश लागतो आणि फेरीतले ३२ तास वाचतात.

---

खारा_वारा

@दोन_देश_एक_बॅग, कागदावर सुंदर. दोन ठिकाणी तुटते.

पहिली गोष्ट, सामान. पुंता अरेनासहून विमानाने जाऊन विमानानेच परत येणारा माणूस मोठी बॅग होस्टेलात ठेवून १० किलो घेऊन जातो. तुम्ही मात्र पुढे उशुआयाला निघालात. बॅग मागे ठेवता येत नाही. तंबू, बूट, थंडीचे कपडे असे सगळे मिळून १८ किलो झाले की काउंटरवर वाद. फेरीला हा त्रास नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. तुमच्या आराखड्यात सगळ्यात बेभरवशाचा टप्पा, म्हणजे बीगल ओलांडणारी छोटी बोट, परतीच्या विमानांच्या तोंडावर येतो. बंदर दोन दिवस बंद राहिले तर उशुआयाचे विमान गेले, त्यामागून बुएनोस आइरेसचे गेले. आणि अडकाल कुठे? विल्यम्समध्ये, जिथे दुसरी वाट म्हणजे उलट पुंता अरेनासला जाणे.

अ मध्ये तीच बोट सुरुवातीला आहे. बंद पडली तर तुम्ही उशुआयात, जिथे हॉटेले आहेत, राष्ट्रीय उद्यान आहे, मार्तियाल हिमनदीची चढण आहे. दोन दिवस वाट बघा. तरीही नाहीच झाले तर बस पकडून पुंता अरेनास, तिथून विमानाने विल्यम्स.

---

दोन_देश_एक_बॅग

बॅगेचा मुद्दा मान्य. माझ्या आयडीचीच थट्टा झाली म्हणायची. पण अडकण्याचा मुद्दा उपायाने सुटतो: उशुआयानंतर बुएनोस आइरेसला तीन दिवस ठेवा. तिथे बघायला कमी आहे का?

---

नकाशेवाला

मोकळे दिवस धोक्याच्या *नंतर* ठेवले तर चालतात, पण उशुआया-बुएनोस आइरेसचे तिकीट बदलायला पैसे पडतात आणि फेब्रुवारीत त्या विमानांत जागा मिळेलच असे नाही. धोक्याच्या *आधी* असले तर फक्त हॉटेलची एक रात्र वाढते. मी खारा_वारा यांच्या बाजूने.

मात्र अ मध्येही एक अडचण आहे. फेरी आठवड्यातून एक-दोनदाच. ती चुकली तर सगळा तक्ता सरकतो. म्हणून सगळ्यात आधी फेरीची तारीख बुक करा. मग तिच्यापासून मागे मोजत उशुआयाचे विमान आणि पुढे मोजत तोरेस देल पाइने. आपल्याकडे लोक आधी मुंबईचे तिकीट काढतात आणि मग त्या तारखांत बाकीचे कोंबतात. इथे उलटे करा. जानेवारी-फेब्रुवारी चिलीची शाळेची सुट्टी असते आणि बेटावरच्या रहिवाशांना जागांमध्ये प्राधान्य असते. बाहेरच्यांना उरलेल्या जागा मिळतात.

---

शुद्ध_शाकाहारी

जेवणाचे काय? तिकडे शेंगदाण्याची चटणी नेता येते का?

---

मीनाताई

चिलीच्या सीमेवर कृषी खात्याची तपासणी असते, 'साग' म्हणतात. विमानतळावर, बसच्या सीमेवर, पुएर्तो नावारिनोलाही. ताजी फळे, भाज्या, बिया, मध, घरचे दुग्धजन्य पदार्थ आत जात नाहीत. फॉर्मवर वनस्पतिजन्य किंवा प्राणिजन्य पदार्थ आहेत का असा प्रश्न असतो. तिथे हो लिहायचे. हो लिहिले तर फार तर पदार्थ फेकतील. नाही लिहून बॅगेत सफरचंद सापडले तर दंड, आणि तो लहान नसतो. विमानात दिलेले फळही यात येते.

भाजणी, मेतकूट, कोरडी चटणी कारखान्याच्या सीलबंद पाकिटात आणि घटक छापलेले असतील तर बोलणे सोपे जाते. डब्यातून नेलेली पिवळी पूड कुणाला समजावत बसणार? तूप, खवा, पेढे घरीच ठेवा.

---

शुद्ध_शाकाहारी

मेतकुटाची झडती! पण मग तिथे मिळते काय?

---

हिमनग

भात, मसूर, अंडी, पाव, चीज, बटाटे, पास्ता. विल्यम्सच्या दुकानात ताजी भाजी फेरी आली की दोन दिवस चांगली, नंतर काय राहील ते. 'कार्ने नको' म्हटले की लोक हॅम किंवा चिकन घालतात, कारण तिथे कार्ने म्हणजे गोमांस. म्हणून 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन हामोन, सिन पेस्कादो' (मांस, चिकन, हॅम, मासे यांच्याशिवाय; 'सिन' म्हणजे शिवाय) अशी पूर्ण आरती म्हणायची. फेरीच्या जेवणासाठी बुकिंग करतानाच लिहून द्या.

---

पुणेरी_पाटी

'सिन सिन सिन सिन.' लक्षात राहिले.

---

कातळवाट

दिएंतेसबद्दल कुणी लिहिले नाही म्हणून. वाट सुमारे ५० किलोमीटरची, चार ते पाच दिवस. वाटेत निवारा, दुकान, काही नाही. निघण्याआधी गावातल्या काराबिनेरोस, म्हणजे पोलिसांकडे नाव नोंदवायचे आणि परत आल्यावर कळवायचे. हे विसरलात तर ते शोधायला निघतात.

गॅसचे डबे विमानात चालत नाहीत, त्यामुळे ते विल्यम्समध्येच घ्यावे लागतात, आणि हंगामात संपतात. उशुआयाहून बोटीने आणायचे तर बोटवाल्याला आधी विचारा. शेवटची मोठी खिंड पासो विर्हिनिया. तिथे वारा माणसाला बसवतो. पलीकडचा उतार सैल दगडांचा आहे आणि वर बर्फाची कड लोंबत असते, तिच्यापासून लांब राहून उतरायचे. खाली जंगलात बीव्हरने केलेली तळी. हा प्राणी १९४६ मध्ये कॅनडातून आणून तिएरा देल फुएगोत सोडला, फरच्या धंद्यासाठी. धंदा झाला नाही, प्राणी मात्र पसरला. त्यांचे बांध वाट बुडवतात, त्यामुळे जुन्या जीपीएस रेषेवर डोळे मिटून चालू नका.

ट्रेक नको असेल तर सेरो बान्देरा करा. अर्ध्या दिवसात जाऊन येता येते, वर झेंडा आहे आणि दोन्ही देशांचे काठ एका नजरेत दिसतात.

---

इतिहासकीडा

अवांतर: आज जिथे पाऊण तासाची बोट चालते त्या पाण्यावरून १९७८ च्या डिसेंबरात चिली आणि अर्जेंटिना युद्धाच्या काठावर आले होते. पिक्तोन, नुएवा आणि लेनोक्स ही तीन बेटे कुणाची हा वाद. पोपनी मध्यस्थी केली, १९८४ मध्ये करार झाला, बेटे चिलीकडे राहिली. विल्यम्स हे मुळात १९५३ चे आरमारी ठाणे. 

गावात मार्तिन गुसिंदे संग्रहालय चुकवू नका, इथल्या मूळ रहिवासी याघान लोकांची माहिती तिथे नीट आहे. याघान भाषा मातृभाषा म्हणून बोलणाऱ्या शेवटच्या व्यक्ती, क्रिस्तिना काल्देरोन, फेब्रुवारी २०२२ मध्ये वारल्या. त्या गावालगतच्या व्हिया उकिकात राहत. आणि १९१६ मध्ये अंटार्क्टिक मोहिमेत अडकलेली शॅकल्टनची माणसे सोडवून आणणाऱ्या 'येल्चो' जहाजाचा पुढचा भाग गावात उभा करून ठेवला आहे.

---

पुणेरी_पाटी

पण 'जगाचे टोक' नक्की कुठले? उशुआयात तसा फलक आहे म्हणे.

---

इतिहासकीडा

फलक उशुआयात, टोक विल्यम्सकडे. २०१९ मध्ये चिलीने विल्यम्सला शहराचा दर्जा दिल्यापासून उशुआयाची पंचाईत झाली आहे. आणि विल्यम्सच्याही दक्षिणेला पुएर्तो तोरो नावाची वाडी आहेच. आपल्याकडे प्रत्येक हॉटेल 'मूळ' मिसळीचे असते, तसेच.

---

चाक_आणि_वारा

पुंता अरेनासपासून पुढे गाडी भाड्याने घ्यायचा विचार असेल तर: चिलीची गाडी अर्जेंटिनात न्यायला कंपनीकडून नोटरी केलेला परवाना आणि वेगळा विमा लागतो. तो काही दिवस आधी मागावा लागतो, काउंटरवर उभ्या उभ्या होत नाही. एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडता येणे जवळपास अशक्य. म्हणून नातालेस-कालाफाते बसनेच करा, पाच-सहा तास.

गाडी घेतलीच तर वाऱ्याकडे तोंड करून उभी करा आणि दार एका हाताने धरून उघडा. पाटागोनियात दार उलटे मुडपणे हे नेहमीचे नुकसान आहे आणि बऱ्याच विम्यांत ते धरत नाहीत. दोन्ही बाजूंची दारे एकाच वेळी उघडायची नाहीत, आतले कागद थेट अटलांटिकला जातात.

---

वाटसरू

वाचून बरेच स्पष्ट झाले. खारा_वारा म्हणतात ती उशुआया-पुंता अरेनास बसची पर्यायी वाट जरा उलगडून सांगाल का? बोट बंद पडली तर तीच घ्यावी लागेल.

---

खारा_वारा

साधारण ११-१२ तास, सकाळी लवकर निघते. तोलुइन, रिओ ग्रांदे, मग सान सेबास्तियान सीमा. दोन्ही देशांच्या चौक्या एकमेकींपासून दहा-बारा किलोमीटरवर आहेत, त्यामुळे दोनदा उतरायचे. चिलीच्या चौकीवर सगळे सामान खाली काढतात. पुढे बाहिया आसुलला फेरी, सामुद्रधुनीचा सगळ्यात अरुंद भाग, वीस मिनिटे. काळे-पांढरे छोटे डॉल्फिन बरेचदा दिसतात. वारा फार झाला की ही फेरीही थांबते आणि बस रांगेत दोन-चार तास उभी राहते. म्हणून त्याच रात्रीचे किंवा दुसऱ्या पहाटेचे विमान पुंता अरेनासहून घेऊ नका. बस रोज असेलच असे नाही, पासपोर्ट नंबर देऊन आधी बुक करा.

चिलीत शिरताना पीडीआयची, म्हणजे पासपोर्ट तपासणाऱ्या पोलिसांची, छोटी पावती देतात. ती किराणा बिलासारखी दिसते म्हणून लोक फेकून देतात. बाहेर पडताना लागते, शिवाय परदेशी कार्डाने पैसे दिले तर हॉटेलात १९ टक्के कर माफ होतो, तो पासपोर्ट आणि ही पावती दाखवून.

---

शाई_आणि_शिक्का

पैशाचेही लिहून टाकतो. अर्जेंटिनात 'ब्लू डॉलर'च्या, म्हणजे काळ्या बाजारात डॉलरला चढा दर मिळवायच्या, जुन्या युक्त्या विसरा. एप्रिल २०२५ मध्ये निर्बंध सैल झाल्यावर तो फरक फारसा उरलेला नाही. कार्ड चालते. विल्यम्समध्ये मात्र एटीएमच्या भरवशावर जाऊ नका, चिली पेसो पुंता अरेनासला किंवा सांतियागोला काढता येतात पण तुम्ही उशुआयाकडून येणार. तेव्हा उशुआयात काही चिली पेसो बदलून घ्या आणि स्वच्छ, न दुमडलेल्या शंभर डॉलरच्या नोटा जवळ ठेवा.

बुएनोस आइरेसला दोन विमानतळ आहेत हे माहीत असेलच. आंतरराष्ट्रीय विमान बहुधा एसेइसाला, उशुआयाचे बरेचदा शहरातल्या आएरोपार्केहून. मध्ये सगळे शहर. त्याच दिवशी जोडायचे तर पाच तास तरी ठेवा, आणि शक्यतो एसेइसाहूनच सुटणारे उशुआयाचे विमान शोधा. देशांतर्गत तिकिटात चेक-इन बॅग धरलेली असेलच असे नाही. १५ किलोची मर्यादाही सर्रास असते. अर्जेंटिनात संप वरचेवर होतात, 'पारो' शब्द बातम्यांत दिसला की तारीख तपासा.

---

नकाशेवाला

एक राहिलेच. दुसऱ्या माणसाला अर्जेंटिनाचा व्हिसा वेळेत मिळाला नाही, तर सगळा बेत रद्द करायची गरज नाही. नुसत्या चिलीच्या व्हिसावरही विल्यम्स होते: सांतियागो, पुंता अरेनास, फेरीने जा, विमानाने या (मोठी बॅग पुंता अरेनासला ठेवून), मग नातालेस आणि तोरेस देल पाइने. कालाफाते तेवढे गळते.

आणि कधी दोन महिने मिळालेच तर पुएर्तो मोंतहून कारेतेरा आउस्त्रालने खाली उतरून पुएर्तो युंगायहून नातालेसची फेरी घ्या. चाळीसेक तास, वाटेत पुएर्तो एदेन, जिथे रस्ताच जात नाही. तोही मार्ग पूर्ण चिलीतला.

---

दोन_देश_एक_बॅग

हे आधी सांगायचे ना! हा मार्ग माझ्या ब पेक्षा बरा आहे.

---

वाटसरू

तर आता तक्ता असा करतो आहे, चूक असेल तर सांगा. दिवस मुंबई सोडल्यापासून.

१-३: मुंबई, बुएनोस आइरेस, एक रात्र तिथे. ४: उशुआया. ५-८: उशुआया, यातल्या दिवस ६ ला बोट बुक, ७ आणि ८ राखीव. ९-१२: विल्यम्स. १२ ला संध्याकाळी फेरी, १४ ला पहाटे पुंता अरेनास. १४-१९: नातालेस आणि पाइने. २०-२१: कालाफाते. २२: विमानाने बुएनोस आइरेस. २३: निघणे.

दिएंतेस सोडला, सेरो बान्देरा ठेवला. फेरीचे वार आणि हे दिवस जुळतील तशी सुरुवातीची तारीख सरकवेन.

---

खारा_वारा

ठीक आहे. दोन दुरुस्त्या. बोट दिवस ६ ला मिळाली तर सहालाच जा, विल्यम्सचे बुकिंग सहापासूनच बदलता येईल असे करा. राखीव दिवस उशुआयात 'वापरून टाकायचे' म्हणून थांबू नका, कारण चांगली हवा उद्या असेलच असे नाही. आणि २२ ला कालाफातेहून सकाळचे विमान घ्या, आएरोपार्केला उतरते की एसेइसाला ते तिकीट काढतानाच बघा.

---

हिमनग

पश्चिमेकडे जाणार, म्हणजे हिमनद्या उजवीकडे. फेब्रुवारीत अंधार नऊच्या पुढे पडतो. फेरी विल्यम्सहून दुपारी सुटत असेल तर जेवणाच्या थाळीपेक्षा डेक महत्त्वाचा.

---

शुद्ध_शाकाहारी

थाळीत 'सिन' सगळे असेल, तर तसेही डेकवरच जावे लागेल.

---

मीनाताई

@वाटसरू, लसीची तारीख घेतली का?